हरण्या

सखे,

भुसावळला गाडीत बसले आहे. सुरतकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये आज खिडकीची जागा मिळाली. मांडीवर थर्माकोलचा डबा आणि डब्यावर वही, त्यामुळे अक्षर हलतंय, समजून घे. डब्यात बर्फाच्या चार पिशव्या आणि पानांचे बारा तुकडे आहेत. समोरच्या बाकावरच्या आजींनी मघाशी विचारलं, ‘काय शे व माय त्यामा?’ म्हटलं, आजारी केळीची पानं आहेत, तपासायला नेते आहे. त्या काही बोलल्या नाहीत. पाय मागे घेऊन त्यांनी माझ्या पिशवीला खाली जागा करून दिली.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. शेवटी तू विचारलं होतंस, हल्ली तुझ्या कामात संशोधन किती उरलंय आणि सल्ला देणं किती झालंय? तू ते काळजीने विचारलंस, हे मला कळतं. राहुरीला कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहात रात्र रात्र जागून आपण ज्या गोष्टी करायच्या ठरवल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच तू बंगळुरूत बसून करते आहेस. मी मात्र आठवड्यातले तीन दिवस कुणाच्या तरी बांधावर उभी असते. तीन आठवडे मी मनातल्या मनात तुला उत्तर लिहीत होते आणि खोडत होते. आज लिहिता येईल असं वाटतंय, म्हणून अमळनेर येईपर्यंत लिहून टाकते.

आज सकाळी सावद्याच्या पुढे एका गावात गेले होते. मृगबाग, म्हणजे मृगाच्या पावसावर, जूनमध्ये लावलेली केळी. हे शब्द तुला राहुरीत मीच शिकवले होते, आठवतं? ऑक्टोबरात लागते ती कांदेबाग. तीन एकर रान, सहा बाय पाच फुटांवर लागवड, एकरी १,४५२ झाडं. सगळी ग्रँड नैन जातीची, टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेल्या रोपांची. नऊ आठवड्यांची झाडं, गुडघ्याच्या वर आलेली, पानं अजून कोवळी. पंधरा दिवस झाले, नुसती झिमझिम चालू आहे. सातपुडा दिसतच नाही, ढगात बुडालाय. अशी हवा पडली की माझा फोन वाजायला लागतो. पलीकडून एकच वाक्य येतं, ‘मॅडम, हरण्या आला वाटतं.’

हरण्या म्हणजे आपला सीएमव्ही, कुकुंबर मोझॅक व्हायरस. तुला तो सांगायला नको. २९ नॅनोमीटरचा कण, ओळीने मांडले तर एका मिलिमीटरात चौतीस हजारांवर बसतील. १९१६ साली अमेरिकेत काकडीवर पहिल्यांदा नोंद झाली म्हणून काकडीचं नाव लागलं, पण राहतो हजारावर जातींच्या वनस्पतींत. हे सगळं आपण दोघी एकाच पुस्तकातून शिकलो. बांधावर तो कसा दिसतो ते मात्र तुला कुणी दाखवलं नसेल. मधल्या शिरेकडून कडेकडे जाणाऱ्या बारीक पिवळ्या रेघा असतात, मध्येच तुटलेल्या. पान उजेडाकडे धरलं की पेन्सिलीने ओढून बोटाने पुसल्यासारख्या दिसतात. पान अरुंद होतं, कडा वाकतात. पुढे पोंगा, म्हणजे मधलं न उलगडलेलं पान, तपकिरी पडून कुजतो आणि त्याला एक आंबूस वास येतो. तो वास हाताला लागला की साबणाने जात नाही. आत्ताही आहे.

शेताचे मालक, त्यांना सगळे आप्पा म्हणतात, मी जायच्या आधी तीन फवारे मारून बसले होते. पान पिवळं दिसलं, कृषी केंद्रावर गेले, बाटली आणली. दहा दिवसांत तीन बाटल्या झाल्या. मला पाहिल्यावर पहिला प्रश्न, ‘मॅडम, आता चौथं कोणतं मारू?’

सखे, या प्रश्नाला उत्तर द्यायला मला पूर्वी फार जड जायचं. मी सांगायची की हा विषाणू आहे, विषाणूवर औषध नसतं. समोरचा मान हलवायचा आणि संध्याकाळी नवी बाटली आणायचा. त्याचं काही चुकत नव्हतं. ‘औषध नाही’ हे वाक्य दवाखान्यातसुद्धा कुणी ऐकून घेत नाही. शिवाय त्याला वाटायचं, विषाणू मरत नसेल तर नसेल, तो झाडाझाडांवर नेणारा रसशोषक किडा, मावा, तो तर मरतो ना? मग माव्यावर मारू. आणि इथेच खरी गोम आहे. केळीची पानं उलटून उलटून बघितलीस तरी तुला त्यावर हा मावा सापडायचा नाही. कपाशीवरचा, काकडीवरचा, कारल्यावरचा मावा तो. त्याला केळी आवडतच नाही.

आज मी आप्पांना असं सांगितलं. लग्नाच्या मांडवात एखादा पाहुणा पंगतीला बसतच नाही. स्वयंपाकघरात शिरतो, एका पातेल्यात बोट घालून चाखतो, नको म्हणतो, दुसऱ्यात घालतो, तेही नको. पंगतीला बसला असता तर एका पानापुरतं जेवून उठला असता. हा चाखत फिरतो म्हणून सगळा स्वयंपाक उष्टा होतो. मावा काकडीवरून उठला, तुमच्या केळीवर उतरला, सोंड टोचून पाहिली, पटलं नाही, उडून शेजारच्या झाडावर गेला. या टोचण्याला काही सेकंद पुरतात. तुमच्या औषधाने तो मरेल, पण मरायला त्याला जेवढा वेळ लागतो त्याच्या आत बोट पातेल्यात बुडालेलं असतं. काही औषधांनी तर तो बिथरतो आणि जास्तच झाडं हिंडतो.

आप्पा बराच वेळ खाली बघत होते. मग म्हणाले, ‘म्हणजे मी तीन डाव मारलं ते?’

मी काय बोलणार? पान पिवळं दिसताच काही न विचारता बाटली काढून देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पण तो राग आप्पांसमोर काढून त्यांच्या हाती काही लागणार नव्हतं. मी म्हटलं, आप्पा, ते गेलं. आता चौथ्याचे पैसे वाचवू.

जळगाव आलं. इथे उतरून डबा प्रयोगशाळेत ठेवता आला असता, पण मग पुढची गाडी रात्री उशिराची, आणि आईला हल्ली रात्री एकटीला ठेवत नाही. तेव्हा तुकडे आज आमच्या फ्रिजमध्ये झोपतील आणि सकाळच्या पहिल्या गाडीने परत येतील. फलाटावर एक जण केळी विकतोय, डझनाचा भाव ओरडतोय. दर वेळी मला हे बघून भरून येतं. ते झाड किती ठिकाणी मरता मरता वाचून इथवर आलंय, हे त्या घडाकडे बघून कुणाला कळणार? विषाणू, मग डिसेंबरातल्या थंडीचा चरका, मग मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांचं ऊन, मग निसवलेल्या बागेला आडवं करणारं वादळ. हवामानावरचा फळपीक विमा थंडी मोजतो, ऊन मोजतो, वारा मोजतो. विषाणू त्याच्या मोजमापात येत नाही. हरण्याने गेलेली बाग बहुतेक वेळा शेतकऱ्याच्याच अंगावर पडते.

आता तुला एक गोष्ट सांगते, जी मी कुणाला नीट सांगितलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी, असाच भरलेला ऑगस्ट. यावल तालुक्यातल्या एका गावात तीन एकरांची बाग. तिथले शेतकरी आबा, वयाने माझ्या वडिलांएवढे. चाळीस-एक झाडांवर रेघा दिसत होत्या. मी बघितल्या बघितल्या ओळखलं होतं. सखे, मी ओळखलं होतं. पण आपल्याला काय शिकवलंय? डोळ्यांवर विसंबू नका. झिंकची कमतरता असू शकते, तणनाशकाचा उडालेला फवारा असू शकतो, स्ट्रीक विषाणू असू शकतो. चाचणी करा, खात्री करा, मग बोला. म्हणून मी नमुने घेतले आणि आबांना म्हटलं, अहवाल येईपर्यंत थांबा, घाईने काही उपटू नका. आमच्याकडे एलायझाचं, म्हणजे विषाणू ओळखायच्या चाचणीचं, किट संपलेलं होतं. नवीन यायला वेळ लागला, मध्ये सुट्ट्या आल्या. अहवाल हातात पडला तो अकराव्या दिवशी. नमुने सगळे पॉझिटिव्ह. मी तो कागद घेऊन गेले तेव्हा पाचशेच्या वर झाडं पिवळी होती. आठवड्याभरात आबांनी सगळी बाग काढली. पुढे त्या रानात त्यांनी हरभरा पेरला.

त्या अकरा दिवसांत किती झाडांना नव्याने लागण झाली आणि किती झाडं आधीच लागलेली होती, ती नुसती दिसायला लागली, हे मला कधीच सांगता येणार नाही. टोचणं आणि दिसणं यांच्या मध्ये दोन-चार आठवडे जातात, हे तू जाणतेस. मी तो हिशोब वहीत कितीदा मांडून पाहिला आहे. काही रात्री तो माझ्या बाजूने सुटतो, काही रात्री माझ्या विरुद्ध. मांडता येतच नाही, कारण पहिल्या दिवशी ती चाळीस झाडं उपटली असती तर काय झालं असतं, ती बाग आता कुठेच नाही. आबांनी मला शब्दाने दुखावलं नाही. अहवाल वाचून दाखवला तेव्हा म्हणाले, ‘तुम्ही तरी काय करणार, माय,’ आणि घरात चहा टाकायला सांगितला. तो चहा मी प्यायले. त्याची चव अजून तोंडात आहे.

गिरणेच्या पुलावर गाडी संथ झाली. नदीला गढूळ पाणी आहे, दोन्ही काठ भरून. पलीकडे कपाशी सुरू झाली.

तर आज. मी आप्पांच्या बागेत दोन तास फिरले. आधी कागदावर रानाचा नकाशा काढला आणि प्रत्येक संशयित झाडाला फुली मारत गेले. हे मी हल्ली न चुकता करते, कारण नकाशा बोलतो. आप्पांच्या मनात पहिला संशय रोपवाटिकेवर होता. ‘रोपंच रोगट दिली का हो आम्हाला?’ असं होऊ शकतं. टिश्यू कल्चरच्या मातृवृक्षाला विषाणू असेल तर तो बाटलीतल्या पिल्लांत उतरू शकतो. म्हणूनच प्रमाणित रोपांची पर्णगुच्छ, ब्रॅक्ट मोझॅक, सीएमव्ही आणि स्ट्रीक अशा चार विषाणूंसाठी तपासणी होते. पण रोपांतून आला असता तर फुल्या सगळ्या रानभर विखुरलेल्या निघाल्या असत्या. नकाशावर फुल्या उत्तरेच्या बांधाला चिकटून दाट होत्या आणि आत येता येता विरळ होत होत्या. बांधापलीकडे शेजाऱ्याचा कारल्याचा मांडव. आणि बांधावर केना, गुडघाभर, निळ्या फुलांनी भरलेला.

केन्याबद्दल तुला लिहायचंच होतं. तू विचारतेस ना संशोधन कुठे आहे, तर माझं संशोधन सध्या या केन्यात आहे. बाग निघून गेल्यावर, काकडीचा वेल वाळल्यावर विषाणू जातो कुठे आणि पुढच्या जूनला परत येतो कुठून? दोन वर्षं मी बांध चालते आहे आणि दर महिन्याला तणांचे नमुने घेते आहे. केना बघायला हिरवागार, तरतरीत असतो. पण त्याचा रस एलायझाच्या पाटीवर घातला की कितीदा तरी खळगा पिवळा होतो, म्हणजे विषाणू सापडतो. लहानपणी श्रावणात आई मला आणि दादाला बोरीच्या काठी केना खुडायला पाठवायची. डाळीच्या पिठात बुडवून त्याच्या पानांची भजी व्हायची. अजूनही करते. मी ती खाते आणि प्रत्येक पान उजेडाकडे धरून बघते.

नकाशा झाल्यावर मी आप्पांना सांगितलं, ही बासष्ट झाडं आज उपटायची. आत्ता. मुळासकट काढून, बांधापलीकडे खड्डा करून गाडायची. मग दर चार-पाच दिवसांनी सगळ्या ओळी हिंडायच्या, रेघ दिसली की झाड बाहेर. असं दोन महिने. बांधावरचा केना काढायचा.

‘तपासणी?’ आप्पांनी विचारलं. ‘तुम्ही नमुना नेणार ना? रिपोर्ट?’

मी म्हटलं, नमुना नेते. पण उपटायचं आज.

हे वाक्य बोलताना माझे हात गार पडले होते. कारण मला शंभर टक्के खात्री नव्हती. एका झाडावर रेघा आणि शेजारचं झाड टवटवीत, हे बघितलं की मला पटतं की हे जमिनीचं दुखणं नाही. जमीन असं एक सोडून एक झाड निवडत नाही. बासष्टमधल्या बहुतेक झाडांचं तसंच होतं. पण सगळ्यांचं नव्हतं. आणि ती झाडं माझी नव्हती. तिन्ही एकरांत एकच झाड ४,३५६ वेळा उभं आहे असं म्हणतात ते शास्त्रात खरं; केळीला बी नाही, सगळी एकाच आईची अंगं. शेतात मात्र प्रत्येक झाडाच्या बुडाशी कुणीतरी वाकून शेणखत घातलेलं असतं.

पहिलं झाड आप्पांनी स्वतः उपटलं. ठिबकची नळी पायाने बाजूला सारली, बुंधा दोन्ही हातांनी धरला, जरा हलवला आणि ओढला. झाडाबरोबर ओली काळी माती निघाली. त्या मातीच्या मधोमध कोकोपीटचा तपकिरी ठोकळा होता, रोपवाटिकेतल्या पिशवीच्या मापाचा, अजून शाबूत. मुळं त्यातून बाहेर पडून वीतभर पसरली होती, पांढरी, निरोगी. आप्पांनी ती झटकली नाहीत. झाड तसंच मातीसकट उचलून खड्ड्याकडे घेऊन गेले. परत आले तेव्हा मी विचारलं, मी लागू का उपटायला? ते म्हणाले, ‘नाही, तुम्ही फक्त दाखवा.’ मग मी दाखवत गेले आणि ते, त्यांचा मुलगा आणि दोन मजूर उपटत गेले. मुलाने एका झाडाचा पोंगा कोयत्याने उभा चिरून मला दाखवला. आतलं गुंडाळलेलं पान कुजून काळं झालं होतं. त्यानंतर त्याने काही विचारलं नाही.

आता वीस झाडांचा प्रश्न उरला, आणि आज दिवसभर माझ्या डोक्यात तोच आहे. उत्तरेच्याच कोपऱ्यात चुनखडीचा एक पांढरट पट्टा आहे. तिथली झाडं फिकी होती, पण सारखी फिकी. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, आणि नव्या पानांवर सगळीकडे एकसारखा. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळेनासं झालं की असंच दिसतं. पण कारल्याचा मांडवही त्याच कोपऱ्याला लागून आहे, आणि लोह कमी असलेल्या झाडाला मावा टोचत नाही असं थोडंच आहे? त्या बासष्ट झाडांच्या जोरावर मी हीसुद्धा उपटा म्हणाले असते तर आप्पांनी उपटली असती. त्या क्षणी ते माझा शब्द खाली पडू देत नव्हते, आणि त्याचीच मला भीती वाटली.

मी म्हटलं, या वीसांना खूण करू. यांचं नंतर बघू. खुणेला काही नव्हतं. काकू, म्हणजे आप्पांच्या घरच्या, तोवर बांधावर उभ्या राहून सगळं बघत होत्या. त्या शेतातल्या खोलीत गेल्या आणि एक जुनी जांभळी साडी घेऊन आल्या. दाताने कड तोडून त्यांनी तिच्या टर्राटर्रा चिंध्या फाडल्या आणि स्वतःच एकेका झाडाला बांधत गेल्या. सैल बांधत होत्या, खोड वाढलं तर काचायला नको म्हणून. मी एका झाडाच्या अर्ध्या पानाला फेरस सल्फेटचं पाणी लावून ठेवलंय. लोहाचंच दुखणं असेल तर तो अर्धा भाग हिरवा होईल, पण त्याला काही दिवस लागतील. चौथ्या-पाचव्या झाडापाशी काकूंनी मला विचारलं, ‘बाकीचं तरी वाचीन का?’

मी सांगितलं की दोन महिने हिंडलात तर बरंचसं वाचेल. ‘बरंचसं’ हा शब्द मी मोजून वापरला. त्यांनी तो मोजूनच घेतला, मला वाटतं.

निघताना आप्पांनी विचारलं, खड्डे पडलेत तिथे नांग्या भरू का? म्हटलं, आत्ता नको. मांडव जवळ आहे, नवं कोवळं रोप पहिल्यांदा सापडेल. ते हो म्हणाले, पण त्यांची नजर त्या रिकाम्या ओळींवरून हलत नव्हती.

धरणगाव गेलं. अंधार पडला, डब्यातला दिवा मिणमिणता आहे, ओळी एकमेकींवर चढल्या तर माफ कर. समोरच्या आजी झोपल्या.

माझ्या डब्यात आठ तुकडे उपटलेल्या झाडांचे आणि चार चिंधी बांधलेल्यांचे आहेत. म्हणजे माझा निर्णय आणि त्याचा पुरावा असे उलट क्रमाने चालले आहेत. निर्णय सकाळी मातीत गेला, पुरावा रात्रीच्या गाडीने जळगाव ओलांडून घरी निघालाय. तुझ्या प्रयोगशाळेत हे चालणार नाही, आणि चालू नयेच. तू ‘आणखी नमुने लागतील’ असं लिहितेस तेव्हा तुझे भाताचे नमुने शीतपेटीत थांबलेले असतात. इथे मी तेच वाक्य उच्चारलं की त्याची किंमत कुणीतरी दुसरा ओळीने मोजतो. मी चाचणी सोडलेली नाही, सखे. उलट पूर्वीपेक्षा जास्त जीव लावून करते, कारण आता प्रत्येक खळगा मला माझ्या एका बोललेल्या शब्दाचा जाब विचारतो. आबांच्या वेळी मी जाब द्यायची वेळच येऊ दिली नव्हती. थांबा म्हटलं की जबाबदारी कागदावर जाते. उपटा म्हटलं की ती अंगावर राहते, आणि ती अंगावर घेऊन बघायला मी या दोन वर्षांत शिकते आहे. तुझ्या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर एवढंच आहे. त्याला संशोधन म्हणायचं की सल्ला, ते तू ठरव.

एक कामाचं विचारते, विसरायच्या आत. एलायझानंतर आरटी-पीसीआर करायची आहे, पण केळीच्या पानातून आरएनए काढताना चीक आणि फिनॉल्स जीव खातात. शेवटी नळीत तपकिरी, चिकट काहीतरी उरतं आणि पुढचं काही चालत नाही. सीटॅबच्या द्रावणात फिनॉल्स धरून ठेवणारं पीव्हीपी वाढवून पाहिलं, थोडा फरक पडला. तुमच्याकडे काय करता? प्रमाण लिहून पाठव, अगदी मिलिग्रॅमपर्यंत. फोनवर नको, लिहूनच पाठव. मी भिंतीला चिकटवेन.

अमळनेर येतंय. लोक उभे राहिले.

घरी आल्यावर लिहितेय. आई जेवायची थांबली होती. कळण्याची भाकरी आणि ठेचा. डबा बघून तिने काही न विचारता फ्रिजचा खालचा कप्पा रिकामा केला, कोथिंबिरीची जुडी वरच्या कप्प्यात सरकवली. ‘कितल्या दिवसनं शे हाई?’ एवढंच विचारलं. म्हटलं, सकाळपर्यंतचं.

तुझी

ता. क. मंगळवार. पत्र टाकायचं राहून गेलं, तर निकाल कळवूनच टाकते. उपटलेल्या आठांपैकी सात खळगे पिवळे. आठवा पाण्यासारखा स्वच्छ. बांधलेल्या चारांपैकी तीन स्वच्छ, एक पिवळा, फिकट पण पिवळा. आठव्याचं दोनदा केलं, तेच आलं. झाडात विषाणू सगळीकडे सारखा नसतो, तुकडा चुकीच्या जागेचा घेतला गेला असेल. किंवा ते झाड निरोगी होतं आणि मी ते उपटायला लावलं.

आप्पांना फोन करून दोन्ही सांगितलं. ते शेतातच होते. आधी त्यांनी आठव्याचं विचारलं, ‘कोणतं होतं ते?’ मी नकाशा बघून सांगितलं, उत्तरेकडून तिसरी ओळ, ठिबकच्या वॉलजवळचं. ‘तिथं पाणी साचलंय आता,’ ते म्हणाले. थोडा वेळ दोघंही बोललो नाही. मग म्हणाले, ‘आणि चिंधीवालं? कोणतं काढू?’ दुसऱ्या ओळीतलं अकरावं, मी म्हटलं. फोन चालूच ठेवून ते चालायला लागले. चिखलात पाय रुतल्याचा आणि निघाल्याचा आवाज येत होता, मध्ये त्यांनी काकूंना हाक मारली. मग थांबले. ओढल्याचा आवाज आला नाही, पण श्वास आला.

‘निघालं,’ म्हणाले. ‘चिंधी ठेवली सोडून. पुढच्याला लागली तर.’